रस्त्याचाही उतारा हवा

मार्च २०२१ मध्ये मुंबई–नागपूर अतिवेगवान रेल्वेच्या प्रस्तावित मार्गाची विमानातून लायडार मोजणी सुरू झाली. हा मार्ग आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून जायचा आहे. विमानाला बसवलेले यंत्र जमिनीवर लेसरचे झोत सोडते, ते परत यायला किती वेळ लागला ते टिपते, आणि त्यावरून टेकड्या, ओढे, घरे, झाडे, विजेच्या तारा यांचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी हेच तंत्र आधी वापरले गेले होते. जमिनीवरून ज्या कामाला दहा-बारा महिने लागले असते ते बारा आठवड्यांत उरकले, असे राष्ट्रीय हायस्पीड रेल्वे महामंडळाने तेव्हा सांगितले होते.

रस्त्यांच्या बाबतीतही असाच बदल झाला आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आता महामार्गाची तपासणी ‘नेटवर्क सर्व्हे व्हेइकल’ या खास गाडीने करते. २०२५ मध्ये प्राधिकरणाने २३ राज्यांतल्या २०,९३३ किलोमीटर महामार्गांवर अशा गाड्या फिरवण्याचे ठरवले. काम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी. खड्डा किती, भेग किती, चाकोरी किती खोल गेली, हे त्या गाडीला रस्त्यावर न थांबता कळते.

कन्नड तालुक्यातून सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याच तालुक्यात, अंजना नदीकाठी, पिशोर आहे. अद्रक, मका, कापूस, ऊस पिकवणारे हे गाव. इथला माल कन्नडकडे जातो, भराडीमार्गे सिल्लोडकडे जातो. आणि मुख्य रस्त्याला लागण्याआधी तो वाड्यावस्त्यांच्या, शेतशिवाराच्या रस्त्यांवरून येतो. दर सहा महिन्यांनी लेसरने मोजण्याचा नियम या गावरस्त्यांना लागू नाही. महामार्गाचा प्रत्येक मीटर नोंदला जात असताना ज्या रस्त्यावरून बाळंतीण दवाखान्यात नेली जाते, पोरे शाळेत जातात, दूध डेअरीवर पोहोचते, त्या रस्त्याची अवस्था सांगायला आजही निवेदनाचा कागद आणि मोबाइलमधला फोटो एवढेच साधन आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, वाहनावर सेन्सर बसवून परिसर मोजण्याचे तंत्र आता स्वस्त आणि हाताशी आले आहे, तेव्हा ते महामार्गापुरते राहता कामा नये. आणि त्याहून महत्त्वाचे, ज्या गावाचा रस्ता मोजला त्या गावाच्या हातात त्या मोजणीची नक्कल पडली पाहिजे. जमिनीचा उतारा शेतकऱ्याला मिळतो, तसा रस्त्याचा उतारा गावाला मिळाला पाहिजे.

आधी ही गाडी काम कशी करते ते नीट पाहू, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. तपासणीच्या गाडीच्या मागच्या बाजूला लेसर बसवलेले असतात. ते रस्त्याच्या रुंदीभर प्रकाशाची आडवी रेघ टाकतात. रस्ता सपाट असेल तर रेघ सरळ दिसते. चाकोरी पडली असेल तर तिथे रेघ खाली वाकते. भेग असेल तर तुटते. कॅमेरा ती रेघ क्षणाक्षणाला टिपतो. चाकाला लावलेले यंत्र गाडी किती अंतर चालली ते मोजते. उपग्रहाच्या संकेतांवरून जागा कळते. झाडांच्या कमानीखाली किंवा घाटात उपग्रहाचा संकेत तुटतो, तेव्हा गाडीचा कल आणि तिची हालचाल मोजणारा चौथा सेन्सर मधले अंतर सांभाळतो. या चौघांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळलेली असावी लागतात, नाहीतर खड्डा एका जागी आणि त्याची नोंद दुसऱ्या जागी असे होते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. लायडार एवढ्या बारीक वेळाचा हिशेब ठेवते, म्हणूनच चालत्या गाडीतून सेंटिमीटरच्या अचूकतेने नकाशा करता येतो.

यातून निघणारा सर्वांत उपयोगी आकडा खडबडीतपणाचा. १९८२ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने ब्राझीलमध्ये वेगवेगळ्या देशांच्या मोजणी यंत्रांची एकत्र चाचणी झाली आणि १९८६ मध्ये त्यातून आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक प्रसिद्ध झाला. एक किलोमीटर जाताना गाडीचे स्प्रिंग एकूण किती मीटर खालीवर होईल, असा त्याचा ढोबळ अर्थ. चांगल्या नव्या रस्त्याचा आकडा दोन-तीनच्या आसपास असतो; उखडलेल्या डांबरी रस्त्याचा आठ-दहापर्यंत जातो. या निर्देशांकामुळे ‘रस्ता खराब आहे’ या तक्रारीला मोजमाप मिळाले. ब्राझीलमधला रस्ता आणि पिशोरमधला रस्ता एकाच पट्टीने मोजता येऊ लागला.

आता आमच्या भागातला गावरस्ता डोळ्यांसमोर आणा. खाली काळी कसदार माती. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर पुरेसा मुरूम आणि खडी न घालता डांबर टाकले, तर पहिला घाव बसतो तो कडेला. साइडपट्टी धुपते, डांबराच्या कडेखालचा आधार जातो आणि उसाचा किंवा मक्याचा भरलेला ट्रॅक्टर समोरच्या गाडीला बाजू द्यायला खाली उतरला की कड मोडते. पुढच्या पावसात पाणी त्या मोडलेल्या कडेतून आत शिरते. मग मधोमध लांबट भेग, मग जाळीसारख्या भेगा, मग खडी उचकटते आणि खड्डा पडतो. मोरी तुंबलेली असेल तर हे सगळे एका पावसाळ्यात होते. खड्डा दिसतो तेव्हा आजार शेवटच्या टप्प्यावर आलेला असतो. तो कडेच्या भेगेत असतानाच पकडला तर थोड्या डांबरात आणि साइडपट्टीला मुरूम भरून भागते. मोजणीची गाडी हाच आधीचा टप्पा दाखवते. माणसाचा डोळा खड्डा पाहतो; दोन मोजण्यांमधला फरक रस्ता खचू लागल्याचे दाखवतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. रस्ता खराब आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एसटीच्या चालकाला तर कोणत्या मोरीपाशी गिअर बदलायचा, कोणत्या वळणावर गाडी डावीकडे ठेवायची हे डोळे मिटून सांगता येईल. मग मोजायचे कशाला? मोजणीचे पैसे डांबरात घाला.

मला हा आक्षेप मान्य करता येत नाही, कारण गावाला ठाऊक असणे आणि दप्तरात नोंद असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते. रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या फलकावर कामाची माहिती लिहिलेली असते. आता समजा दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता खचला. गाव तक्रार करते. उत्तर येते की जड वाहतुकीने झाले, पाऊस जास्त झाला, पाहणी करू. पाहणी होईपर्यंत पाच वर्षांतले एक वर्ष सरते. गावाजवळ फोटो असतो, पण तो कोणत्या जागेचा, किती तारखेचा, तिथे आधी काय होते, हे सिद्ध करता येत नाही. याउलट काम संपल्याच्या दिवशीचा खडबडीतपणा आणि त्यानंतरच्या प्रत्येक सहामाहीचा खडबडीतपणा अंतर आणि तारखेसह कागदावर असेल, तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. सातशे मीटर ते नऊशे मीटर या पट्ट्यात दीड वर्षात रस्ता किती बिघडला, हे दोन आकडे सांगतात. देखभालीची मुदत कधी संपते हे तिसरा आकडा सांगतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सुरक्षित रस्ता ही सरकारची कृपा नाही, नागरिकाचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व. पण हक्क सांगायचा तर अपघाताच्या दिवशी तिथे खड्डा होता हे दाखवावे लागते. खड्डा तर तक्रारीनंतर एका रात्रीत बुजवता येतो. मुंबईत कॅमेरे आहेत, वार्ताहर आहेत, वकील आहेत. शिवाररस्त्यावर मोटारसायकल घसरून पडलेल्या माणसाच्या बाजूने कोण साक्ष देणार? आधीपासून ठेवलेली, कोणाच्याही मर्जीवर न अवलंबणारी नोंद हीच त्याची साक्षीदार ठरू शकते.

मोजणी आपोआप न्याय करत नाही, हेही इतिहासाने याच भूमीत दाखवले आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस दख्खनमध्ये जमीन मोजून, मातीची प्रतवारी लावून, निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबाने सारा ठरवला. कागदावर पद्धत शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात मोजण्या चुकल्या, प्रतवारीत लाचलुचपत झाली आणि सारा एवढा जड बसला की इंदापूर परिसरात शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना ते काम नव्याने हाती घ्यावे लागले. पुढे निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यातही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. तेहतीस फुटांची शंकू साखळी, तेहतीस बाय तेहतीस फुटांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हद्दीचे दगड, टिपण आणि फाळणी नकाशे, हा सगळा पसारा मुळात सरकारला महसूल मिळावा म्हणून उभा राहिला.

तरीही त्या मोजणीतून एक गोष्ट शेतकऱ्याच्या पदरात पडली. नोंद झाली, आणि नोंदीची नक्कल मागण्याचा मार्ग खुला झाला. सात-बारा आज मोबाइलवर मिळतो. बांधावरचा वाद असो, बँकेचे कर्ज असो की पीकविमा, शेतकरी उतारा घेऊन कार्यालयात जातो तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन येते. महसुलासाठी काढलेली नोंद हळूहळू रयतेचे हत्यार झाली. मोजणी अचूक आहे का, हा अर्धाच प्रश्न झाला. मोजणी तपासता येते का आणि तिची प्रत कोणाच्या हाती आहे, हे न विचारता तिच्यावर विसंबणे धोक्याचे. प्रिंगलच्या मोजणीत रयतेला तपासायला वाव नव्हता. गाडीवरच्या लेसरच्या मोजणीतही तो नसेल, तर दोनशे वर्षांनी आपण तीच चूक अधिक महागड्या यंत्राने करू.

मार्च २०२५ मध्ये कन्नड–पिशोर रस्त्यावरच्या पिशोर घाटात ऊस वाहून नेणारा ट्रक उलटला आणि सहा मजुरांचा मृत्यू झाला. त्या घटनेची कारणे ठरवणे तपासयंत्रणेचे काम आहे. मी तिच्यावरून कोणावर ठपका ठेवत नाही. पण घाटातल्या कोणत्याही वळणाबद्दल काही गोष्टी नक्की मोजता येतात. चढ किती, वळण किती आखूड, वळणावर रस्त्याचा आडवा उतार बरोबर दिशेला आणि पुरेसा आहे का, समोरचे वाहन किती अंतरावरून दिसते, कठडा कुठे तुटला आहे. लायडार बसवलेली गाडी एका फेरीत हे सगळे टिपते. आज आपल्याकडे धोक्याचे ठिकाण ठरवण्याची पद्धत वेगळी आहे. राष्ट्रीय महामार्गावर पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर त्या जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. म्हणजे धोक्याची नोंद व्हायला आधी रक्त सांडावे लागते. वळणाचा आकार माणसे मरण्याआधीही तोच असतो. तो आधी मोजता येत असताना मृत्यूंची संख्या पुरी होण्याची वाट पाहणे अमानुष आहे.

इथेच मोजणीची मर्यादाही सांगायला हवी. मजूर उसाच्या ट्रकवर बसून प्रवास का करतात, हे कोणताही लेसर सांगणार नाही. टोळीला एका फडावरून दुसऱ्या फडावर नेण्यासाठी वेगळी गाडी दिली जात नाही, उचल घेतलेल्या मजुराला नाही म्हणता येत नाही, रात्रीचा प्रवास टळत नाही, ही कारणे रस्त्याच्या पृष्ठभागावर दिसत नाहीत. यंत्राने घाट सुधारता येईल. त्या घाटातून माणसांची वाहतूक मालासारखी होऊ नये, यासाठी कायदा आणि त्याची अंमलबजावणी लागते. मोजणीवर माझा भर आहे तो या कामाऐवजी नव्हे, या कामाबरोबर.

आता प्रश्न येतो खर्चाचा. महामार्ग प्राधिकरणाची लेसरवाली गाडी प्रत्येक गावरस्त्यावर वर्षातून दोनदा फिरवणे आज परवडणार नाही. पण तेवढी गाडी लागतच नाही. गाडीचे हादरे मोजणारा सेन्सर आता प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. तो, एक जीपीएस आणि वेळेची नोंद, एवढ्या सामग्रीवर रस्त्याच्या खडबडीतपणाचा कामापुरता अंदाज येतो. मग हे सामान कोणत्या वाहनावर ठेवायचे? माझे उत्तर आहे एसटीवर.

याला कारण आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहराने २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बंप’ नावाचे ॲप आणले. लोकांच्या मोबाइलमधले हादरे आपोआप नोंदवून खड्डे शोधायचे, अशी कल्पना. तिच्यातला दोष लवकरच लक्षात आला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि मोटारी जास्त, त्या भागांतल्या खड्ड्यांची नोंद जास्त. गरीब आणि वृद्धांच्या वस्त्या मागे. खासगी वाहनांवर मोजणी सोपवली की ज्याच्याकडे वाहन त्याचाच रस्ता दिसतो. एसटी याला उत्तर आहे, कारण १९४८ पासून ती ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांच्यासाठी धावते. कन्नड आगाराची गाडी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यावर, रोज जाते. एका फेरीतली नोंद चुकेल. गाडी भरलेली असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, चालकाने खड्डा चुकवला असेल. पण त्याच रस्त्यावर महिनाभराच्या फेऱ्यांची सरासरी काढली की हे दोष बरेचसे विरून जातात. वर्षातून दोनदा येणाऱ्या महागड्या गाडीला ही नियमितता मिळू शकत नाही.

अशा प्रयोगाची सुरुवात महाराष्ट्रात झालेली आहे. २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसगाड्यांवर समोरचा धोका ओळखून चालकाला इशारा देणारी यंत्रणा बसवण्यात आली. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल अशा संस्था त्यात होत्या. इशारे कोणत्या जागी वारंवार वाजतात हे नकाशावर मांडून ‘ग्रे स्पॉट’ म्हणजे अजून ब्लॅक स्पॉट न झालेली, पण होऊ घातलेली ठिकाणे शोधायची, असा त्याचा एक हेतू होता. सार्वजनिक बस प्रवासी वाहता वाहता रस्त्याची तपासणीही करू शकते, हे नागपूरने दाखवले. जे शहराच्या बसला जमते ते तालुक्याच्या एसटीला न जमण्याचे तांत्रिक कारण मला दिसत नाही.

अर्थात काही अटी पाळाव्या लागतील. प्रत्येक बसचे सस्पेन्शन वेगळे असते. म्हणून एका मोजून ठेवलेल्या रस्त्यावर प्रत्येक गाडी चालवून तिचा आकडा जुळवून घ्यावा लागेल. एसटी जिथे जात नाही त्या वस्त्यांच्या रस्त्यांसाठी ग्रामपंचायतीची गाडी, दुधाचा टेम्पो, रुग्णवाहिका असे दुसरे वाहन धरावे लागेल. आणि चालकावर पाळत ठेवण्यासाठी ही नोंद वापरायची नाही, हे लेखी ठरवावे लागेल. चालकाचा वेग तपासायचा असेल तर त्यासाठी वेगळी व्यवस्था असावी. खड्ड्याची नोंद घेणारे यंत्र चालकाच्या पगारातून दंड कापू लागले तर कर्मचारी त्याला सहकार्य करणार नाहीत, आणि ते योग्यच ठरेल.

खासगीपणाचा प्रश्नही टाळता येणार नाही. गाडीवरचा कॅमेरा रस्त्याबरोबर ओटा, अंगण, दारात बसलेली बाईमाणसे हेही टिपतो. २०१० मध्ये गूगलने जर्मनीत रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा आणली तेव्हा सुमारे अडीच लाख कुटुंबांनी तिच्या गाड्यांनी टिपलेले आपले घर धूसर करण्याची मागणी केली. त्याच वर्षी त्या गाड्यांनी लोकांच्या वायफायवरची माहितीही गोळा केल्याचे गूगलला मान्य करावे लागले. भारतात हीच सेवा २०२२ मध्ये जेनेसिस आणि टेक महिंद्रा या कंपन्यांच्या मदतीने दहा शहरांत सुरू झाली; त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार रस्त्यावरून फिरून अशी मोजणी करण्याची मुभा फक्त भारतीय संस्थांना आहे. मोजणारा भारतीय असला म्हणजे अंगण सुरक्षित झाले, असे मात्र होत नाही. गावरस्त्याच्या मोजणीसाठी साधा नियम पुरेसा आहे. सेन्सर खाली, रस्त्याकडे बघेल; आजूबाजूला बघणार नाही. हादरे आणि पृष्ठभागाची रेघ यांत कोणाचा चेहरा येत नाही. जिथे घाटासाठी किंवा पुलासाठी लायडार लागेल, तिथे माणसे आणि घरांचे बिंदू वगळूनच माहिती साठवावी. कामाला लागेल तेवढेच मोजावे, हे तत्त्व सुरुवातीलाच पाळले तर पुढची भांडणे टळतात.

रस्त्याला जे लागू आहे ते पाण्यालाही आहे. २०११ नंतर देशात भूजलाचे नकाशे करण्याच्या प्रायोगिक प्रकल्पात सहा ठिकाणे निवडली गेली; त्यांतले एक नागपूर जिल्ह्यातले चंद्रभागा पाणलोट क्षेत्र होते. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि डेन्मार्कचे आर्हुस विद्यापीठ यांच्या सहभागाने हेलिकॉप्टरखाली मोठी चौकट टांगून, तिच्यातून विद्युतप्रवाह सोडून आणि एकदम तोडून, जमिनीच्या पोटातून येणारा प्रतिसाद मोजला गेला. पाणी धरणारा, झिजलेला, भेगाळ खडक आणि कोरडा कठीण बेसॉल्ट यांचा प्रतिसाद वेगळा असतो. पिशोरच्या परिसरात अद्रकीसाठी बोअर घेणारा शेतकरी हाच बेसॉल्ट फोडत असतो. एक बोअर कोरडे गेले की दुसरे, मग तिसरे. जमिनीखालचा नकाशा शासकीय अहवालात पडून राहिला तर त्याच्या कर्जात एका पैचाही फरक पडत नाही. तोच नकाशा गावाच्या भिंतीवर लागला तर बोअर कुठे घेऊ नये, आणि गावाने मिळून पाणी कुठे अडवावे, याची चर्चा सुरू होऊ शकते. मोजणीचे मोल यंत्राच्या किमतीवर अवलंबून नसते; ती कोणाच्या निर्णयाला बळ देते त्यावर असते.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. तालुक्यातल्या प्रत्येक सार्वजनिक रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे करावेत आणि प्रत्येकाला क्रमांक द्यावा. प्रत्येक तुकड्यापुढे पाच गोष्टी असाव्यात: कोणत्या वर्षी काम झाले, कोणी केले, देखभालीची मुदत कधी संपते, शेवटच्या दोन मोजण्यांतला खडबडीतपणा किती, आणि मधल्या काळात दुरुस्ती काय झाली. हा झाला रस्त्याचा उतारा. तो मराठीत असावा, कोणालाही विनाशुल्क मिळावा. सार्वजनिक पैशातून जमवलेली भू-माहिती सहज उपलब्ध व्हावी, हे २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. आणि माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने न मागता माहिती जाहीर करण्याचे बंधन २००५ पासून आहे. नवा कायदा करण्याची गरज नाही. गरज आहे ती जिल्हा परिषद, बांधकाम विभाग आणि एसटी यांनी एकत्र बसण्याची.

या उताऱ्याचे वाचन ग्रामसभेत व्हावे. १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन ग्रामसभा त्यासाठी सोयीच्या आहेत. एप्रिलमधली मोजणी १ मेला वाचली तर पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करायला, साइडपट्ट्या भरायला महिना मिळतो. सप्टेंबरमधली मोजणी २ ऑक्टोबरला वाचली तर पावसाने काय नेले आणि कोणाच्या मुदतीत नेले हे कळते, आणि उसाच्या गाड्या सुरू होण्याआधी काम करता येते. गावाला मोजणी पटली नाही तर सरपंच, अभियंता आणि चार ग्रामस्थांनी तो तुकडा एकत्र चालून पाहावा आणि फरक नोंदीतच लिहावा. प्रिंगलच्या रयतेला जी संधी मिळाली नाही, ती इथे नियमाने मिळावी.

एवढे करूनही सगळे रस्ते चांगले होतील, असा दावा मी करणार नाही. निधी कमी पडेल, काही आकडे दडपण्याचा प्रयत्न होईल. पण कोणत्या रस्त्याला आधी पैसा द्यायचा हे आज ज्या बंद खोलीत ठरते, तिथे कोणाच्या ओळखीवर ते ठरते हे प्रत्येक गावाला माहीत आहे. सगळ्या गावांच्या रस्त्यांचे आकडे एकाच पट्टीवर, उघड्यावर असतील, तर पुढाऱ्याच्या घराकडे जाणारा बरा रस्ता पुन्हा डांबरी होताना आणि दलित वस्तीचा, तांड्याचा उखडलेला रस्ता तसाच राहताना तो निर्णय लेखी समर्थनाशिवाय घेता येणार नाही. लोकशाहीत गरिबाच्या हातात मुख्यतः दोनच गोष्टी असतात, मत आणि नोंद. मत पाच वर्षांतून एकदा देता येते. नोंद रोज दाखवता येते. वाहनावरच्या सेन्सरने ती नोंद करण्याची ताकद प्रथमच गावापर्यंत आणली आहे, आणि ती मागून घेणे हे आता पिशोरसारख्या प्रत्येक गावाचे काम आहे.